पॉप गायक म्युझिकलची मुख्य भूमिका स्वीकारतो तेव्हा

ज्या नाटकाची कथा संवादांइतकीच गाण्यांतून आणि नृत्यांतून पुढे सरकते, त्याला म्युझिकल म्हणतात. न्यूयॉर्कचे ब्रॉडवे आणि लंडनचे वेस्ट एंड ही त्याची दोन मोठी केंद्रे. ध्वनिमुद्रिका आणि मैफिली गाजवणाऱ्या गायकाला तिथे मुख्य भूमिकेत उभे करण्याचा प्रघात अनेक दशकांचा आहे. १९८० मध्ये लिंडा रॉनस्टॅट ही अमेरिकेतली आघाडीची रॉक गायिका न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या खुल्या रंगमंचावर ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’मध्ये मेबल झाली. पुढच्या वर्षी ते नाटक ब्रॉडवेवर गेले आणि तिला टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. १९९१ मध्ये जेसन डोनोव्हनने लंडनच्या पॅलेडियममध्ये एका म्युझिकलमधली जोसेफ ही मुख्य भूमिका केली, १९९६ मध्ये रिकी मार्टिनने ब्रॉडवेच्या ‘ले मिझेराब्ल’मध्ये मारियस केला. ‘पुसीकॅट डॉल्स’ या पॉप समूहातून पुढे आलेल्या निकोल शेर्झिंगरने ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधल्या नॉर्मा डेझमंडसाठी आधी लंडनचा ऑलिव्हिए आणि मग २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा टोनी पुरस्कार मिळवला.

या व्यवहारात निर्मात्याला तिकीटविक्रीची हमी हवी असते आणि गायकाला अभिनेता म्हणून मान्यता. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, पण नुसते नाव नाटकाला तारत नाही. पॉल सायमनच्या ‘द केपमन’मध्ये मार्क अँथनी आणि रुबेन ब्लेड्स असे दोन नावाजलेले गायक होते; १९९८ मध्ये ते नाटक ६८ प्रयोगांत बंद पडले. स्टिंगने स्वतः संगीत दिलेल्या ‘द लास्ट शिप’ला प्रेक्षक कमी पडू लागले तेव्हा डिसेंबर २०१४ मध्ये तो स्वतः भूमिकेत उतरला. तरी पुढच्याच महिन्यात नाटकाचा पडदा कायमचा पडला. त्यामुळे प्रस्ताव आल्यावर गायकाने पहिला प्रश्न संहितेबद्दल विचारावा. संहिता पूर्ण वाचावी, सगळी गाणी ऐकावीत, आणि आपले नाव जाहिरातीतून काढले तर हे नाटक उभे राहील का, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. उत्तर नकारार्थी असेल तर गायकाच्या येण्याने ते बदलण्याची शक्यता फार थोडी असते.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय भूमिकेचा. गायकाची कीर्ती कितीही मोठी असली तरी भूमिका त्याच्या आवाजाच्या पट्टीला, वयाला, बोलण्याच्या ढंगाला आणि शरीराला साजेशी हवी. ‘स्पाइस गर्ल्स’मधल्या मेलनी सीने २००९ मध्ये ‘ब्लड ब्रदर्स’मधल्या मिसेस जॉन्स्टनची निवड केली. ती लिव्हरपूलची कष्टकरी आई आहे आणि मेलनी सी त्याच भागात वाढलेली. तिथली बोली तिला शिकावी लागली नाही, त्यामुळे तिची सगळी मेहनत पात्रावर खर्च होऊ शकली, आणि तिला ऑलिव्हिए पुरस्काराचे नामांकन मिळाले. जॉश ग्रोबनने २०१६ मध्ये ‘नताशा, पिएर अँड द ग्रेट कॉमेट ऑफ १८१२’ या, टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मधल्या एका भागावरच्या नाटकात पिएर केला. हा पिएर संकोची, गोंधळलेला, स्वतःवर नाराज असलेला माणूस आहे. मखमली आवाजाच्या देखण्या गायकाची प्रतिमा उगाळण्याची सोयच त्यात नव्हती, आणि म्हणूनच ती निवड शहाणपणाची ठरली. शिवाय त्या भूमिकेसाठी तो ॲकॉर्डियन वाजवायला शिकला.

शेर्झिंगरची नॉर्मा ही निवड वेगळ्या कारणाने चपखल होती. नॉर्मा ही मूकपटांच्या काळातली, आता विस्मृतीत गेलेली तारका. प्रसिद्धीची चटक आणि ती ओसरल्यावरची पोकळी म्हणजे काय हे पॉपच्या दुनियेत वाढलेल्या कलावंताला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मात्र तिची तयारी एका रात्रीतली नव्हती. तिने ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतले होते, आणि २०१४ मध्ये लंडनच्या ‘कॅट्स’मध्ये ग्रिझाबेला ही गाण्याने लक्षात राहणारी पण लांबीने छोटी भूमिका केली होती. पहिल्या पावलाला तीन तास रंगमंच व्यापणारी भूमिका न घेता एका मोठ्या गाण्याची भूमिका घ्यावी, हा मार्ग नवख्या गायकासाठी आजही सर्वांत सुरक्षित आहे.

भूमिका ठरली की करारावर सही करण्यापूर्वी स्वरपट्टीचा प्रश्न सोडवावा. मैफिलीत गायक त्या दिवशीच्या आवाजाप्रमाणे अर्धा-एक स्वर खाली येऊ शकतो. वादक क्षणात जुळवून घेतात. म्युझिकलमध्ये प्रत्येक वादकासमोर लिहिलेले पान असते, आणि एका गाण्याची पट्टी बदलली की त्यामागच्या समूहगानाचे, युगुलगीताचे, पुढच्या पार्श्वसंगीताचेही गणित बदलते. बदल अशक्य नसतो. नामवंत गायकासाठी नवी पाने लिहून घेतली जातात, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून संगीत दिग्दर्शकासोबत पियानोवर बसून भूमिकेतली सगळी गाणी एका बैठकीत, सलग, पूर्ण आवाजात गाऊन पाहावीत. एकेकटे गाणे जमणे आणि ओळीने सगळी गाणी गाऊनही शेवटच्या गाण्यात आवाज शाबूत राहणे यात फार अंतर आहे. क्वचित नाटकच गायकाकडे झुकते. १९९८ मध्ये गायिका टोनी ब्रॅक्स्टन ब्रॉडवेवर ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये बेल म्हणून आली तेव्हा ॲलन मेंकन आणि टिम राइस यांनी तिच्यासाठी नवे गाणे रचले, आणि ते पुढेही नाटकात टिकून राहिले. असा मान गृहीत धरून करार करू नये.

प्रयोगांची संख्या हा करारातला सर्वांत कठीण मुद्दा. ब्रॉडवे आणि वेस्ट एंडवर आठवड्याला आठ प्रयोग ही रीत आहे. एक दिवस सुट्टी, आणि उरलेल्या सहांपैकी दोन दिवशी दुपारी एक आणि रात्री एक. मोठ्या दौऱ्यावरचा पॉप गायकसुद्धा सहसा दोन कार्यक्रमांमध्ये एखादा दिवस मोकळा ठेवतो. इथे ती चैन नाही. अवघड भूमिकांसाठी यावर जुना तोडगा आहे. १९७९ मध्ये ‘एव्हिटा’ ब्रॉडवेवर आले तेव्हा पॅटी लुपोन रात्रीचे प्रयोग करीत असे आणि दुपारच्या प्रयोगांना दुसरी अभिनेत्री एव्हा होई. ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्येही लंडनला रॅचेल टकर आणि न्यूयॉर्कला मँडी गोन्झालेझ ठरावीक प्रयोगांना नॉर्मा करीत. अशी मागणी करण्यात कमीपणा नाही. उलट ती करारात आणि जाहिरातीत आधीच स्पष्ट असेल तर तिकीट काढणाऱ्याची फसवणूक होत नाही. ‘द कलर पर्पल’मध्ये २००७ साली सीलीची भूमिका घेतलेल्या फँटेशिया या गायिकेचे बरेच प्रयोग चुकले. भूमिका भावनेने पिळवटून टाकणारी होती, तिचे काम लोकांना मनापासून आवडलेही होते, पण तिच्यासाठी आलेल्या प्रेक्षकाला त्या रात्री ती दिसली नाही याची हळहळ उरलीच.

करारात आणखी एक गोष्ट पाहावी. सुट्टीच्या दिवशी मैफल नको, दोन प्रयोगांच्या दिवशी ध्वनिमुद्रण नको, आणि रात्रीच्या प्रयोगानंतर पहाटेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रसिद्धीसाठी गाणे तर नकोच. निर्मात्याच्या प्रसिद्धी विभागाला हे आधी सांगितलेले नसेल तर नंतर नकार देणे जड जाते.

तालमींचे स्वरूप गायक नव्या नाटकात येतो की चालू नाटकात बदली म्हणून येतो, यावर अवलंबून असते. नव्या नाटकात आठवडेच्या आठवडे तालीम, मग प्रकाश आणि ध्वनीसह तांत्रिक तालमी, मग रंगीत तालीम, आणि समीक्षक येण्याआधीचे पूर्वप्रयोग अशी चढत जाणारी वाट असते. चुका करायला आणि दिग्दर्शकाशी वाद घालायलाही वेळ मिळतो. बदली कलाकाराला यातले फार थोडे लाभते. मूळ दिग्दर्शक बहुधा दुसऱ्या कामात असतो. सहदिग्दर्शक, नृत्याची जबाबदारी सांभाळणारा कलाकार आणि रंगमंच व्यवस्थापक रिकाम्या खोलीत जमिनीवर चिकटपट्ट्या लावून हालचाली शिकवतात. संपूर्ण संचासोबत, वेशभूषेसह अशी पूर्ण तालीम पुष्कळदा एकच होते आणि मग थेट प्रेक्षक. पॉप गायकांना बहुतेक वेळा या दुसऱ्या वाटेनेच बोलावले जाते, हे ध्यानात घेऊन पहिल्या तालमीला येताना सगळे संवाद आणि सगळी गाणी पाठ असावीत. तालमीत पाठांतर करीत बसलेला गायक स्वतःचा तर वेळ घालवतोच, पण ज्यांनी ते नाटक वर्षभर उत्तम चालवले आहे त्या सहकलाकारांचा आदरही गमावतो.

आता मूळ कलेकडे. मैफिलीत गायक स्वतः म्हणून उभा असतो. गाणे दुःखाचे असले तरी समोरच्याला भेटतो तो त्या गायकाचा स्वभाव, त्याची लकब. म्युझिकलमध्ये गाणे पात्राच्या तोंडी एका विशिष्ट क्षणी येते, कारण त्या क्षणी बोलणे पुरत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: पात्र हे कोणाला उद्देशून गाते, त्याच्याकडून काय हवे आहे, आणि गाणे संपताना परिस्थितीत कोणता फरक पडलेला असतो. ही उत्तरे नसतील तर गाणे सुंदर होते आणि नाटक थांबते. गाण्याचे शब्द आधी चालीशिवाय, साध्या संवादासारखे बोलून पाहावेत. हा सराव जुना आहे आणि त्याला पर्याय नाही. संवादाच्या शेवटच्या वाक्यातून गाण्याच्या पहिल्या शब्दात शिरताना श्वास, आवाजाचा पोत, उभे राहण्याची ढब बदलली की प्रेक्षकाला लगेच कळते की आता ‘कार्यक्रम’ सुरू झाला. तो सांधा दिसू न देणे हेच या माध्यमातले खरे कसब.

पॉप गायकाची सर्वांत मोठी सवय म्हणजे स्वरांची नक्षी. शेवटच्या अक्षरावर हरकती, मुरक्या, रोज नवी जागा. श्रोत्यांना ते आवडते आणि त्यात गायकाचा प्राण असतो. म्युझिकलमध्ये मात्र संगीतकाराने लिहिलेली चाल हाच पाया मानावा, आणि नक्षी करायचीच तर ती पात्राच्या मनःस्थितीतून निघते की गायकाच्या हौसेतून, हे दिग्दर्शकाला आणि संगीत दिग्दर्शकाला ठरवू द्यावे. मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला वन्समोअर मिळत, पद पुन्हा गायले जाई, नाटक मध्यरात्र ओलांडी, आणि रसिक त्यासाठीच येत. संगीत नाटकाने गाण्याला ती मोकळीक दिली होती आणि त्यातून एक अपूर्व गायकी जन्मली. ब्रॉडवेच्या म्युझिकलमध्ये ती मोकळीक नाही. तिथे दिवे, नेपथ्याची सरकती यंत्रणा, नर्तकांची पावले, सगळे संगीताच्या ठरलेल्या मात्रांना बांधलेले असते. एका ओळीवर रेंगाळलेला गायक वीसजणांचा तोल बिघडवू शकतो.

शब्दोच्चाराकडे विशेष लक्ष द्यावे. ध्वनिमुद्रणात कुजबुजता स्वर, गिळलेली व्यंजने, अर्धवट सोडलेला शब्द हे सगळे गोड लागते, कारण श्रोता ते गाणे पन्नास वेळा ऐकणार असतो. नाटकाचा प्रेक्षक ते एकदाच ऐकतो आणि त्या एका वेळेत त्याला कथा कळायला हवी. शब्दाचे शेवटचे व्यंजन मागच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजे.

शरीराचाही प्रश्न असतो. हातातला मायक्रोफोन गेला की अनेक गायकांना हातांचे काय करावे ते उमगत नाही. म्युझिकलमध्ये बारीक बिनतारी मायक्रोफोन केसांत किंवा टोपात दडवलेला असतो; तो जवळ-लांब करून आवाजाचा चढउतार साधता येत नाही, तो गळ्यातूनच साधावा लागतो. कानात आपल्याच आवाजाची मनाजोगती सोय करून देणारे यंत्रही बहुधा नसते. ताल संगणकाच्या टिकटिकीतून येण्याऐवजी वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हातातून येतो, आणि तो हात समोरच्या सज्जाला लावलेल्या पडद्यावर नजरेच्या कडेने पाहत, तिकडे पाहतो आहोत असे न भासवता, गावे लागते. हे साधायला वेळ लागतो, म्हणून वाद्यवृंदासोबतच्या पहिल्या बैठकीची आणि तांत्रिक तालमींची कंटाळवाणी लांबण सोडून जाऊ नये. सहकलाकाराच्या डोळ्यांत पाहून गाण्याचा सरावही तालमीतच व्हावा. हजारो चेहऱ्यांवर नजर फिरवण्याची सवय मोडणे वाटते तितके सोपे नाही. ‘सनसेट बुलेव्हार्ड’च्या जेमी लॉइडकृत प्रयोगात जवळपास मोकळ्या रंगमंचावर कॅमेरे फिरत आणि मोठ्या पडद्यावर चेहरे दिसत. तिथे तर नजरेतला खोटेपणा क्षणभरही लपला नसता.

आवाजाची निगा हा रोजचा, कंटाळवाणा आणि अटळ भाग. गाण्याइतकेच, किंबहुना जास्त, संवाद घसा थकवतात, कारण गाताना गायक तंत्र सांभाळतो आणि ओरडून बोलताना विसरतो. म्हणून आवाजाच्या शिक्षकाकडून बोलण्याचे तंत्रही शिकावे. प्रयोगापूर्वी आवाज तापवणे बहुतेकजण करतात. प्रयोगानंतर तो निववणे फार थोडे करतात. बारीक नळीतून, किंवा नळीचे टोक पाण्यात बुडवून, हळू हुंकार भरत स्वर खाली-वर नेण्याचा व्यायाम दोन्ही वेळा उपयोगी पडतो. त्याने स्वरतंतूंवर ताण न येता ते मोकळे होतात. दिवसभर पाणी, वाफ, पुरेशी झोप, रात्री उशिरा जड जेवण टाळणे आणि प्रयोगानंतरच्या गोंगाटी मेजवान्यांना नकार, हे पथ्य पाळावे. रंगमंचावरचा कृत्रिम धूर आणि वातानुकूलन घसा कोरडा करतात.

तालमी सुरू होण्याआधी स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी करून निरोगी अवस्थेतले चित्र नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढे त्रास झाल्यास डॉक्टरांना तुलना करता येते. सुजलेल्या स्वरतंतूंवर स्टिरॉइड घेऊन प्रयोग निभावून नेता येतो, पण सूज दबल्याने दुखापत झाकली जाते आणि ती वाढू शकते. हा उपाय तज्ज्ञाच्या देखरेखीविना कधीही करू नये. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी स्वरतंतूंत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून त्यांबद्दलही डॉक्टरांना आधी विचारावे. ज्युली अँड्र्यूजने ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ ब्रॉडवेवर केल्यानंतर १९९७ मध्ये घशावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि तिचा तो निर्मळ गाता आवाज परत आला नाही. आवाज बसलेला असताना प्रयोग न करणे हे कर्तव्यच आहे. पर्यायी कलाकार त्यासाठीच विंगेत तयार उभा असतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्याची ओळख करून घेऊन त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे.

चाहत्यांची तयारीही करावी लागते. गायकाचा प्रवेश होताच आरोळ्या उठतात, ओळखीच्या गाण्यात प्रेक्षक सूर मिसळतात, मोबाइल वर येतात. पहिल्या टाळ्यांना मान लवून दाद देण्याचा मोह आवरावा. पात्रातच स्थिर राहून टाळ्या ओसरू द्याव्यात आणि मग पुढचे वाक्य घ्यावे. असे दोन-तीनदा झाले की प्रेक्षकही नाटकात शिरतो. आभार मानायला प्रयोगानंतरचा वेळ असतोच.

भारतात आठ प्रयोगांच्या आठवड्याची व्यवस्था रुजलेली नाही; मराठी व्यावसायिक नाटकाचे प्रयोग बहुतेक शनिवार-रविवारी एकवटतात. तरी गायकांना इथेही ही वाट मोकळी आहे. फिरोज अब्बास खान दिग्दर्शित ‘मुघल-ए-आझम’ २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत सुरू झाले, आणि त्यात अनारकलीची भूमिका पार्श्वगायिका प्रियांका बर्वे आणि नेहा सरगम यांनी आलटून पालटून केली. चित्रपटातली गाणी सगळ्यांच्या कानात घर करून बसलेली, ती रंगमंचावर प्रत्यक्ष गायची, त्यासोबत उर्दू संवाद पेलायचे आणि नृत्यही सांभाळायचे. मराठीतल्या वाहिन्यांवरील स्पर्धांतून पुढे आलेल्या गायकांनी हा प्रयोग अभ्यासावा. आपल्या परंपरेतला एक दाखलाही त्यांच्या उपयोगाचा आहे. ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब १९६७ मध्ये वसंतराव देशपांड्यांनी उभे केले आणि २०१० च्या पुनरुज्जीवनात त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी. पात्रच गवयी असल्याने गाणे आणि अभिनय यांत तिथे भिंत उरत नाही. नाटकात प्रथमच उतरणाऱ्या गायकाने अशी भूमिका मिळवण्याचा प्रयत्न करावा.

शेवटी निघण्याची वेळ. करार मर्यादित मुदतीचा असावा आणि ती मुदत पहिल्या जाहिरातीपासून लोकांना माहीत असावी. निर्मात्याने गायक येण्याआधीच त्याच्यानंतर कोण, हे ठरवायला घ्यावे. जुलै २०१७ मध्ये ग्रोबन ‘ग्रेट कॉमेट’मधून बाहेर पडल्यावर तिकीटविक्री घसरली, त्याच्या जागी आलेल्या कलाकाराला मुदतीपूर्वी बदलण्याच्या घोषणेवरून वादंग उठले, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला नाटक बंद झाले. याउलट गायिका सारा बॅरेलिसने ‘वेट्रेस’साठी संगीत आणि गीते लिहिली, पण २०१६ मध्ये जेनाची मुख्य भूमिका जेसी म्युलरला करू दिली. नाटक स्वतःच्या पायावर उभे राहिल्यावर, मार्च २०१७ मध्ये, ती काही आठवड्यांसाठी त्या भूमिकेत आली. त्यानंतर ती ठरावीक मुदतीसाठी पुन्हा पुन्हा परतत राहिली: न्यूयॉर्कला, २०२० मध्ये लंडनला, आणि महासाथीनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रॉडवेवर नाटक नव्याने सुरू झाले तेव्हा. मधल्या काळात इतर अभिनेत्री जेना करीत होत्या आणि नाटक चालू होते.